वायद्याचा सल्ला आणि तक्रारीचा पत्ता

मागे या सदरात डिमॅट खात्याला वारस लावण्याविषयी लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यांत वारसापेक्षा दुसराच विषय जास्त निघाला, टिप्सचा. कुणाच्या मुलाने, कुणाच्या यजमानांनी, कुणी स्वतःच टिप्स घेऊन वायद्यात पैसे घातले आणि घालवले. एका मैत्रिणीचं पत्र तर अवघं सहा ओळींचं आहे. ती लिहिते, "सोन्याच्या वायद्याचा सल्ला देणारे एक सर होते. फी घेतली, खात्रीने सांगितलं, पैसे बुडाले. पोलिसांत गेले तर म्हणाले, हे सेबीचं काम. सेबीच्या नंबरवर फोन केला तर म्हणाले, हे सर आमच्याकडे नोंदलेले नाहीत, पोलिसांत जा. आता मी जायचं तरी कुठं?"

प्रश्न सरळ आहे, पण त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. कारण ते 'सर' नेमके कोण, यावर दार ठरतं. दवाखान्यात नाही का, डोळ्याचे डॉक्टर वेगळे आणि दाताचे वेगळे. चुकीच्या रांगेत दोन तास उभं राहिलं तर नंबर आला तरी उपयोग नाही. तसंच हे आहे. बँकेत एकतीस वर्षं काढल्यावर आता मी महिन्यातून दोन दुपारी आमच्या वाचनालयात बसते, बायकांचे फॉर्म भरून देते, अर्ज लिहून देते. तिथे जे पाहिलं त्यावरून हे लिहिते आहे.

आधी वायदा म्हणजे काय ते थोडक्यात. आमच्या सांगलीकडे हा शब्द नवा नाही, हळदीच्या पेठेत तो जुनाच. पुढच्या अमुक महिन्यात, अमुक माल, अमुक भावाने घेईन किंवा देईन असा आज केलेला सौदा, तो वायदा. शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला भावाची हमी मिळावी हा त्याचा मूळ उपयोग. पण घरात हळदीचं एक पोतंही नसलेली माणसं केवळ भावाच्या चढउतारावर सौदे करतात, तेव्हा तोच वायदा वेगळा होतो. सोन्याचंच बघा. एमसीएक्स या बाजारात सोन्याचा 'मिनी' सौदा १०० ग्रॅमचा असतो. तो करायला १०० ग्रॅमचे सगळे पैसे लागत नाहीत, त्यातला थोडा हिस्सा 'मार्जिन' म्हणून भरावा लागतो. भाव दहा ग्रॅममागे हजार रुपयांनी खाली आला, की एका सौद्यात दहा हजार गेले. हिशेब रोजच्या रोज होतो. तोटा झाला की खात्यातून पैसे वळते होतात आणि कमी पडले तर आणखी भरा असा निरोप येतो. दागिना घेऊन कपाटात ठेवला तर भाव उतरला तरी दागिना राहतो. इथे काहीच राहत नाही.

यात किती जणांचं भलं होतं? सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात एक पाहणी जाहीर केली. शेअर बाजारातल्या वायदे आणि ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत सौदे करणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एक कोटीच्या वर माणसं, आणि सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. पुढच्या वर्षाचा, म्हणजे २०२४-२५ चा आकडा आला तोही ९१ टक्के. हे आकडे शेअर बाजारातले आहेत, सोन्या-हळदीचे नव्हेत, पण बाई दारात उभ्या राहून विचारते, "थोडे घालून बघू का?", तेव्हा मी तिला हेच आकडे सांगते. शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांचं जिथे नुकसान होतं, तिथे 'खात्रीने' हा शब्द वापरणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा लबाड.

आणि तरी सुरुवातीच्या टिप्स खऱ्या का ठरतात? पुष्कळजणी हे विचारतात. "काकू, पहिल्या तीन टिपा तंतोतंत लागल्या हो!" त्याची एक जुनी युक्ती आहे. हजार लोकांचे नंबर घ्यायचे. पाचशेंना कळवायचं चांदी चढणार, पाचशेंना कळवायचं चांदी उतरणार. ज्यांना खरं सांगितलं गेलं त्या पाचशेंना दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं-अर्धं. तीन दिवसांनी सव्वाशे माणसं अशी उरतात की ज्यांच्या लेखी तो सल्लागार म्हणजे साक्षात ज्योतिषी. फी मागणारा फोन या सव्वाशेंनाच येतो. उरलेल्या पावणेनऊशेंना तो आठवतही नाही.

आता तक्रारीकडे येऊ. पहिली गोष्ट, जी ऐकायला कडू लागेल: सल्ला चुकला, एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. भाव कुणालाच कळत नाहीत आणि नोंदणीकृत, प्रामाणिक सल्लागाराचाही अंदाज चुकतो. तक्रार होते ती गैरवर्तनाची. नफ्याची हमी दिली, हे गैरवर्तन. तुमचा पासवर्ड, ओटीपी घेऊन स्वतःच सौदे केले, हे गैरवर्तन. नफ्यात वाटा मागितला, ठरलेल्यापेक्षा जास्त फी उकळली, करार न करता किंवा तुमची ऐपत न तपासता वायद्यात ढकललं, फी कंपनीच्या खात्यात न घेता कुणाच्या तरी खासगी खात्यावर मागवली, हेही सगळं त्यातच. आणि नोंदणीच नसताना फी घेऊन सल्ला दिला, तर पुढे काही सिद्ध करायला नको, तिथेच नियम मोडला. अर्ज लिहिताना बायका दोन पानं तोटा लिहितात आणि 'हमी दिली होती' हे शेवटी एका ओळीत. मी ते उलटं करायला लावते.

मग तो माणूस कोण, हे पाहायचं. २०१३ पासून गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देणाऱ्याला सेबीकडे नोंदणी करावी लागते. अशा सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. शेअर किंवा मालाविषयी अभ्यास करून शिफारशी देणारे 'रिसर्च अॅनालिस्ट' असतात, त्यांचा 'आयएनएच' ने. दलालाचा, म्हणजे ब्रोकरचा, 'आयएनझेड' ने. जुन्या लोकांना आठवत असेल, मालाच्या वायद्यांवर देखरेख ठेवायला पूर्वी वायदे बाजार आयोग वेगळा होता. २८ सप्टेंबर २०१५ ला तो सेबीत विलीन झाला. त्यामुळे आता हळदीचा वायदा असो की शेअरचा, सल्लागाराच्या बाबतीत सेबी एकच.

क्रमांक आहे म्हणून लगेच विश्वास टाकू नका. दुसऱ्याचा खरा क्रमांक आपल्या नावापुढे छापणारे भामटे भरपूर. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मंडळींची यादी आहे. तिथे तो क्रमांक घालून नाव, पत्ता, फोन आणि ईमेल जुळतात का ते पाहायचं. क्रमांक मुंबईच्या बाईंचा आणि फोनवर बोलणारा भलत्याच गावचा 'सर', असं निघालं की उलगडा होतो. २०२५ च्या ऑक्टोबरपासून 'सेबी चेक' नावाची सोयही झाली आहे. ज्या बँक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे भरायला सांगितलेत ते खरोखर नोंदणीकृत संस्थेचं आहे का, हे तिथे तपासता येतं. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, दोन मिनिटांत करून देईल.

सल्लागार खरोखर नोंदणीकृत असेल, तर तुमचं नशीब त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. कारण मग त्याचे कान धरणारं कुणीतरी आहे. आमच्या वाचनालयात आलेल्या एका ताईंचं सांगते. फॉल-पिको आणि ब्लाउज शिवणकामावर घर चालवणाऱ्या, यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले, विम्याचे पैसे बँकेत. चांदीच्या टिपांचा फोन आला. आधी फुकट, मग पंधरा हजार, मग 'प्रीमियम', मग 'झालेला तोटा भरून काढणारी खास सेवा'. तीन महिन्यांत आठ वेळा मिळून एक लाख श्याऐंशी हजार नुसती फी दिली त्यांनी. सौद्यांतला तोटा वेगळा, दोन लाख चाळीस हजार.

पहिल्या दिवशी त्या बोलल्याच नाहीत. पिशवीतून पासबुक काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, माझं नाव कुठं येणार नाही ना? दिरांना कळलं तर मला घरात राहणं मुश्कील होईल." मी म्हटलं, अर्जावर नाव लागेल, पण तो अर्ज गावात वाचून दाखवत नाहीत. तेव्हा कुठे त्यांनी मोबाइल दाखवला.

त्या मोबाइलमध्ये भाच्याच्या ईमेलवर आलेला एक कागद सापडला. नियमाप्रमाणे सल्लागाराने सल्ला देण्याआधी गिऱ्हाइकाची ऐपत आणि धोका पत्करायची तयारी तपासायची असते, त्याचा हा फॉर्म. तो त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी परस्पर भरला होता. वार्षिक उत्पन्न दहा लाखांच्या वर, बाजाराचा अनुभव पाच वर्षं, धोक्याची तयारी 'जास्त'. ताई म्हणाल्या, "दहा लाख? अहो, माझी शिलाई मशीनसुद्धा जुनी घेतलेली आहे." तो एक कागद आमच्या सगळ्या रडकथेपेक्षा मोलाचा ठरला. दुसरं म्हणजे फी. ठरावीक फी घेणाऱ्या सल्लागाराला एका कुटुंबाकडून वर्षाला किती घेता येते याला मर्यादा आहे. २०२० मध्ये ती एक लाख पंचवीस हजार होती, २०२५ पासून एक लाख एक्कावन्न हजार. यांनी तीन महिन्यांतच ती ओलांडली होती.

आधी आम्ही त्या सल्लागाराच्याच तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. ही पायरी गाळू नका. उत्तर येवो न येवो, आपण आधी त्यांना कळवलं होतं, याचा पुरावा होतो. त्यांचं उत्तर आलं ते दोन ओळींचं, बाजारात धोका असतोच अशा अर्थाचं. मग सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार व्यवस्थेवर नोंद केली. स्कोअर्स २०११ पासून आहे, १ एप्रिल २०२४ पासून तिची नवी आवृत्ती सुरू झाली. पॅन कार्ड, मोबाइल नंबर आणि ईमेल लागतो. पैसे लागत नाहीत. तक्रार आपोआप त्या संस्थेकडे जाते आणि तिला २१ दिवसांत काय केलं ते कळवावं लागतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांच्या आत फेरविचार मागायचा, मग देखरेख करणारी संस्था पाहते. तिथेही समाधान झालं नाही तर पुन्हा १५ दिवसांत मागितलं की सेबी स्वतः पाहते. हे १५ दिवस फार महत्त्वाचे. मी वाचनालयाच्या कॅलेंडरवर लाल शाईने गोल करून ठेवते, कारण मुदत टळली की तक्रार मिटली असंच धरलं जातं. आणि मूळ तक्रारसुद्धा घटना घडल्यापासून वर्षाच्या आत करायची. "दिवाळी झाली की बघू" असं करत करत पुष्कळांचं वर्ष निघून जातं.

स्कोअर्सवर सेबी कोर्टासारखा निवाडा देऊन पैसे काढून देत नाही. पैशांच्या वादासाठी २०२३ पासून 'स्मार्ट ओडीआर' ही वेगळी व्यवस्था आहे. तिथे आधी समेट घडवणारा माणूस दोन्ही बाजूंशी ऑनलाइन बोलतो, तडजोड झाली नाही तर लवाद. नोंदणीला पैसे नाहीत, लवादापर्यंत गेलं तर रकमेनुसार फी आहे. तिथे गेलं की स्कोअर्सवरची तक्रार बंद होते, म्हणून आधी स्कोअर्स पूर्ण वापरून मग तिकडे जाणं मला बरं वाटतं. ताईंना शेवटी फीपैकी एक लाख वीस हजार परत मिळाले. पाच महिने लागले. सौद्यांतले दोन लाख चाळीस हजार गेले ते गेलेच. हे मी मुद्दाम सांगते, कारण तक्रार केली की सगळं परत येतं अशी आशा कुणाला लावायची नाही.

ज्यांना इंटरनेट जमत नाही त्यांच्यासाठी सेबीचे दोन फुकट फोन नंबर आहेत: १८०० २२ ७५७५ आणि १८०० २६६ ७५७५. मराठीत बोलता येतं. फोनवर तक्रार सुटत नाही, पण कुठल्या दाराने जायचं ते नीट सांगतात. एक आणखी. सल्लागाराने गिऱ्हाइकाशी झालेल्या बोलण्याची नोंद, फोनचं रेकॉर्डिंगसुद्धा, पाच वर्षं जपून ठेवायची असते. तक्रारीत स्पष्ट लिहा की अमुक तारखेच्या फोनचं रेकॉर्डिंग मागवावं. हमी दिल्याचा पुरावा तुमच्याकडे नसला तरी तो त्यांच्याकडे असायला हवा.

आता दुसरी तऱ्हा. तालुक्याच्या गावी सल्लागार म्हणून मिरवणारा बहुतेकदा ब्रोकरचा माणूस असतो. पूर्वी त्याला सब-ब्रोकर म्हणत, आता 'ऑथराइज्ड पर्सन' म्हणतात. एसटी स्टँडसमोर गाळा, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर एमसीएक्सचं कॅलेंडर. तो ओळखीचा असतो, लग्नाकार्यात पान वाढताना भेटतो, म्हणून बायका कागद न वाचता सह्या करतात. इथली खरी गोम मोबाइल नंबरात आहे. खातं वहिनींच्या नावाचं आणि त्यावर नंबर-ईमेल त्या माणसाचा. मग बाजाराकडून येणारे सौद्यांचे मेसेज, ब्रोकरने चोवीस तासांत पाठवायची 'कॉन्ट्रॅक्ट नोट', सगळं त्याच्याकडेच जातं. वहिनींना वर्षाने कळतं की आपल्या नावावर शेकडो सौदे झालेत आणि प्रत्येकावर त्याला दलाली मिळाली आहे. आजच तपासा, तुमच्या खात्यावर कुणाचा नंबर आहे. अशा माणसाची तक्रार आधी मुख्य ब्रोकर कंपनीच्या तक्रार ईमेलवर करायची, मग ज्या बाजारात सौदे झाले त्याच्या गुंतवणूकदार कक्षाकडे. शेअरचे असतील तर एनएसई किंवा बीएसई, सोनं-चांदीचे बहुधा एमसीएक्स, हळद-जिऱ्याचे एनसीडीईएक्स. स्कोअर्स आणि स्मार्ट ओडीआर इथेही चालतं.

आणि कॉन्ट्रॅक्ट नोट कधी आलीच नाही, व्यवहार सगळा रोखीत, हिशेब वहीत किंवा व्हॉट्सअॅपवर? मग तो 'डब्बा'. सौदा बाजारात गेलेलाच नाही, त्याने स्वतःच्या डायरीत लिहिला. असला धंदा बेकायदा आहे आणि त्याच्यासाठी ना बाजाराचा कक्ष, ना स्कोअर्स. पोलीस हाच रस्ता.

तिसरी तऱ्हा सगळ्यात मोठी आणि पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीचे सर यातलेच. नोंदणीच नसलेले. टेलिग्रामवर चॅनेल, इन्स्टाग्रामवर गाड्यांचे फोटो. काहीजण 'आम्ही सल्ला देत नाही, शिकवतो' म्हणतात. शिकवायला बंदी नाही. पण ताजे भाव दाखवत अमुक आत्ता घ्या, अमुक विका म्हणणं ही शिकवणी नव्हे. सेबीने अशांवर कारवाया केल्या आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात 'बाप ऑफ चार्ट' या नावाने वावरणाऱ्या नसिरुद्दीन अन्सारीविरुद्ध आदेश निघाला, १७ कोटी २० लाख रुपये वेगळे ठेवायला सांगितले. ४ डिसेंबर २०२५ ला अवधूत साठे आणि त्यांच्या ट्रेडिंग अकादमीविरुद्ध निघालेल्या आदेशात ही रक्कम ५४६ कोटींच्या वर होती. शिकवणीच्या नावाखाली नोंदणीविना सल्ला दिला, हा तिथला आरोप. हे दोन्ही अंतरिम आदेश होते, म्हणजे अंतिम निकाल नव्हेत, आणि समोरच्याला आपली बाजू मांडायचा, दाद मागायचा हक्क असतो. पण माझ्या लेखी महत्त्वाचं हे, की सेबीकडे माहिती पोचली तर अशांची चौकशी होते. ती माहिती पोचवतं कोण? तुमच्या-माझ्यासारख्या फी भरलेल्या माणसांच्या तक्रारी.

तेव्हा नोंदणी नसलेल्याच्या बाबतीत सेबीच्या फोनवर जे उत्तर मिळालं ते अर्धं बरोबर होतं. स्कोअर्सवर त्याची तक्रार चालत नाही. पण सेबीला त्याची माहिती देता येते. संकेतस्थळावर त्यासाठी सोय आहे, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबी भवनाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्रही पाठवता येतं. चॅनेलचं नाव, फोन नंबर, पैसे भरलेलं खातं, तारखा आणि मेसेजचे छापील फोटो जोडायचे. यातून तुमचे पैसे परत येतील असं नाही. पैशांसाठी पोलीस.

आणि पैसे नुकतेच, कालपरवा गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी १९३० हा नंबर फिरवा. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी देशभर हा एकच नंबर आहे. गेलेला पैसा तासातासाला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उड्या मारत असतो. तक्रार लवकर झाली तर मधल्याच खात्यात तो अडवता येतो. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवून फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येतं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांचा सायबर विभाग असतो.

पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत नाही" असं म्हणाले तर शांतपणे सांगा, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही हद्दीतली असली तरी घ्यावी लागते, आणि तिची प्रत फुकट मिळते. तरी नकार दिला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायचा, तीही तरतूद त्याच कलमात आहे. एका मावशींना मी हे कलम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. त्या सांगत होत्या, कागद काढला तशी खुर्ची पुढे आली.

काहीजण सल्ला देत नाहीत, थेट पैसेच मागतात. "वायदे आम्ही करू, तुम्हाला महिन्याला ठरावीक टक्के देऊ." हे ठेवी गोळा करणं झालं. त्यासाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा आहे. त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करता येते, त्यामुळे पोलिसांकडे अर्ज देताना या कायद्याचा उल्लेख जरूर करा. भिशी गटातल्या पाच-सहा जणी अडकल्या असाल तर एकत्र जा. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या पोर्टलवरही अशा बेकायदा ठेवींची तक्रार घेतात.

कागदांचं मात्र आजच बघा. सल्लागार नाराज होऊन ग्रुपमधून काढतो तेव्हा सगळे मेसेज दिसेनासे होतात. म्हणून आधी फोटो काढून ठेवायचे, त्यात तारीख आणि नंबर दिसला पाहिजे. बँकेतून शिक्क्याचा खातेउतारा घ्यायचा. एका वहीत तारीखवार लिहायचं: या दिवशी फोन, हे म्हणाले, एवढे भरले. किराण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

यजमानांनी किंवा मुलाने तुमच्या नावाचं खातं वापरलं असेल, तर तक्रारदार तुम्हीच आहात हे लक्षात घ्या. कायद्याच्या नजरेत खातं तुमचं, सही तुमची. वायद्यातला नफा-तोटा धंद्याचं उत्पन्न धरला जातो, त्यामुळे इन्कम टॅक्सची विचारणा आली तर तीही तुमच्याच नावाने येईल. "यांना विचारून सांगते" म्हणणाऱ्या किती तरी जणी माझ्याकडून अर्ज न लिहिताच परत गेल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या एकीची वर्षाची मुदत अशीच संपली. घरात वाद नको हे मला समजतं. पण फसवणारा नेमका या संकोचावरच तर जगतो.

शेवटी एका नव्या फोनविषयी सावध करते. पैसे बुडाल्यावर दोन-चार महिन्यांत एखादा गोड आवाज येतो: "मॅडम, तुमची रक्कम सेबीने वसूल केली आहे, फक्त प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी भरा." सोबत सेबीचं बोधचिन्ह, शिक्का, सही असलेलं पत्र. बुडालेल्यांची यादीच यांच्या हातात असते, कधी कधी मूळ भामटेच ती वापरतात. सेबी कुणालाही फोन करून शुल्क मागत नाही, पोलीसही नाही आणि बाजारही नाही. असा फोन आला तर पैसे न भरता नंबर वहीत टिपा. पैसे गेले नसतील तर संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सोयीत तो नंबर कळवा. एक रुपया जरी गेला असेल तर पुन्हा १९३०.